‘मालेगाव का सुपरमॅन’ : चित्रपट म्हणून आवडला का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाल्यापासून मालेगावच्या हौशी चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या कितीतरी आधी फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट येऊन गेला होता, आणि तो पाहून भारावलेले लोक मला आजही भेटतात. मला विचारायचे आहे ते मात्र या दोहोंच्या मुळाशी असलेल्या तिसऱ्याच चित्रपटाविषयी, म्हणजे नासिर शेख यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या किडकिडीत शफीकला सुपरमॅनचा पोशाख चढवून जो चित्रपट केला, त्याविषयी.

माझी अडचण अशी आहे की माहितीपट पाहताना मी खळखळून हसलो, दोनदा डोळे पुसले, आणि नंतर मूळ चित्रपट पाहायला बसलो तेव्हा विसाव्या मिनिटाला भ्रमणध्वनी हातात घेतला. मग स्वतःचीच लाज वाटली. आपण कौतुक करतो ते नेमके कशाचे? चित्रपटाचे, की तो करताना माणसांनी घेतलेल्या कष्टांचे? आणि आपण हसतो ते त्यांच्याबरोबर, की त्यांना? ज्यांनी मूळ चित्रपट पाहिला आहे त्यांनी कृपया प्रांजळपणे लिहावे.

खवचट_काका
विसाव्या मिनिटापर्यंत आपण टिकलात, हे मोठेच आहे. मोठ्या ताऱ्यांचे हिंदी चित्रपट पाहताना माझा हात अकराव्या मिनिटालाच खिशाकडे जातो.

सुमेधा_व
मी दोन्ही पाहिले आहेत. माझे मत स्पष्ट आहे : मूळ चित्रपट लांबलेला आहे, विनोदाच्या जागा पुन्हापुन्हा येतात, आणि गाण्याच्या वेळी कथा गाडी थांब्यावर लागावी तशी उभी राहते. हे सांगण्यात कोणताही अपमान नाही. उलट, ‘त्यांच्या मानाने चांगले आहे’ असे म्हणणे मला अधिक अपमानास्पद वाटते, कारण त्या ‘मानाने’ या शब्दात आपण त्यांना आधीच खालच्या पाटावर बसवलेले असते.

हिरवा_पडदा
मी धुळ्यात २००४ पासून लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो, म्हणून या चित्रपटाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहिले. ज्यांना उडण्याची दृश्ये हास्यास्पद वाटली त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवतो.

उडणारा माणूस एकरंगी पडद्यासमोर टिपतात आणि मग तो रंग पुसून त्या जागी आकाश घालतात. सुपरमॅनचा पोशाख निळा असल्यामुळे त्याच्यामागे निळा पडदा लावता येत नाही, कारण पडदा काढून टाकताना अंगही नाहीसे होते. १९७८च्या हॉलिवूडपटात निळ्या पडद्यासमोरच्या दृश्यांसाठी पोशाखाचा रंगच हिरवटसर निळा ठेवावा लागला होता. त्या चित्रपटाचा खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर होता, आणि उडण्यासाठी त्यांनी कॅमेरा व मागचे चित्र पडद्यावर टाकणारा प्रक्षेपक या दोहोंवर एकाच गतीने सरकणारी झूम भिंगे बसवण्याची खास यंत्रणा वापरली होती. मालेगावात मालमोटारीवर हिरवे कापड लावले गेले, आडव्या आधारावर पालथा शफीक, आणि वारा म्हणून पाठीवरचा कपडा हलवणारा एक माणूस.

आता दुसरी गोष्ट. तेव्हाचे घरगुती डिजिटल कॅमेरे उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवत असत, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकदाच. क्रोमा काढताना, म्हणजे मागच्या पडद्याचा रंग पुसताना, संगणक पाहतो तो रंगच. त्यामुळे माणसाची कड कात्रीने बोथट कापल्यासारखी, पायऱ्यापायऱ्यांची येते. कापडाला एक घडी पडली की तिच्या सावलीतला हिरवा वेगळा, आणि तो निघता निघत नाही. केसांच्या भोवतीची हिरवी झाक तर मी आजही नवरदेवांच्या डोक्याभोवती पाहतो. हे सगळे २००८च्या आसपासचे, म्हणजे भारनियमनाच्या वर्षांतले. रात्रभर संगणकाला कामाला लावून झोपावे आणि पहाटे वीज गेलेली आढळावी, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. त्यामुळे पडद्यावर शफीक प्रथम ‘उडाला’ तेव्हा मला हसू आले नाही. मी खुर्चीत सावरून बसलो.

पंचगंगाकाठ
@हिरवा_पडदा, फार मोलाची माहिती. परंतु माझा प्रश्न याने अधिकच अवघड होतो. आपण सावरून बसलात, कारण आपल्याला पडद्यामागचे ठाऊक होते. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्या प्रेक्षकाचे काय?

न्यूजर्सीकर_देशपांडे
इकडच्या एका उदाहरणाशी तुलना करावीशी वाटते. २००३ साली सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात सँडी कोलोरा यांनी ‘बॅटमॅन : डेड एंड’ हा जेमतेम आठ मिनिटांचा लघुपट दाखवला. खर्च सुमारे तीस हजार डॉलर. चाहत्यांनी केलेल्या चित्रपटांच्या जगात तो आजही मापदंड मानला जातो. पाऊस, अंधारी गल्ली, जोकर, आणि मग परग्रहावरचे प्राणी. सर्व काही इतके सफाईदार की पाहणाऱ्याला खऱ्या चित्रपटाचा तुकडा वाटावा.

आणि नेमके तेथेच माझे त्याच्याशी बिनसते. तो लघुपट म्हणजे ‘आम्हालाही तुमच्यासारखे करता येते’ असे मोठ्या स्टुडिओला पाठवलेले अर्जपत्र आहे. त्याचा दिग्दर्शक मुळात प्राण्यांचे साचे आणि मुखवटे घडवणारा व्यावसायिक कलाकार होता. मालेगावचा सुपरमॅन कोणालाही अर्ज करत नाही. त्याला क्लार्क केंटचे, म्हणजे मूळ सुपरमॅनचे, महानगर नको आहे, त्याला गावातल्या मौसम नदीचा काठ पुरतो. नक्कल किती हुबेहूब, या पट्टीने मोजले तर मालेगाव हरणारच, परंतु ती पट्टी त्याला लावायचीच कशाला?

अडाणी_समीक्षक
म्हणजे ‘बॅटमॅन’ला तीस हजार डॉलर आणि नासिर शेख यांच्याच आधीच्या, मालेगावच्या ‘शोले’ला, जे छापून येते त्यानुसार, पन्नास हजार रुपये. विनिमयदर काढून मी जरा पाणी पिऊन येतो.

गिरणेचा_गोटा
मी मालेगावचा. चर्चा वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो.

येथे बहुतेकांनी चित्रपट एकट्याने, घरात बसून, लहान पडद्यावर पाहिलेला दिसतो. तो तसा पाहायचा चित्रपटच नाही. आमच्या गावात शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर बारा-बारा तासांच्या पाळ्या केलेला माणूस त्या दिवशी चित्रपटगृहात शिरतो तो गप्प बसून आस्वाद घ्यायला नव्हे. तो शिट्ट्या मारतो, पडद्याशी बोलतो, नायकाला सल्ले देतो. (२०२३च्या दिवाळीत एका हिंदी चित्रपटाच्या वेळी सभागृहातच फटाके उडवले गेले, त्याचे समर्थन मी करणार नाही. ते निव्वळ जिवाशी खेळणे होते.) अशा प्रेक्षकासाठी केलेल्या चित्रपटात विनोद पुन्हापुन्हा येतो, कारण पहिल्या वेळी आरडाओरड्यात तो ऐकूच आलेला नसतो. सुमेधाताई, आपल्याला जे पाल्हाळ वाटले ते आमच्याकडे श्वास घेण्याची जागा आहे.

दुसरे, भाषा. आमच्या गावातील उर्दूत मराठी शब्द इतके मिसळले आहेत की पुण्याच्या माणसाला ती गमतीची हिंदी वाटते आणि लखनौच्या माणसाला चुकीची उर्दू. आमच्यासाठी ती फक्त बोली आहे. सुपरमॅन आपल्या गल्लीच्या हेलात बोलतो याचे हसू आणि ‘हे लोक कसे बोलतात पाहा’ याचे हसू, ही दोन वेगळी हसू आहेत. माहितीपटाच्या प्रेक्षकांत मला कधी कधी दुसरे ऐकू आले आहे.

आणि एक. २००६ आणि २००८ या दोन्ही वर्षी सप्टेंबरात आमच्या गावात बॉम्बस्फोट झाले. कित्येक वर्षे बाहेर गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस क्षणभर थांबत असे. त्याच काळात कोणीतरी ‘तुमचा सुपरमॅन पाहिला’ असे म्हणू लागला. चित्रपट आवडला की नाही, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण तो असल्याचा उपयोग झाला.

सुमेधा_व
गिरणेचा_गोटा, तुमचे म्हणणे मान्य. पुनरावृत्तीविषयीचा माझा आक्षेप मी अर्धा मागे घेते. अर्धा ठेवते, कारण गाण्याबद्दल माझे मत बदललेले नाही.

मृण्मयी_नाशिक
या सर्व रसाळ चर्चेत एक गोष्ट कोणीच काढली नाही. शुक्रवारच्या त्या सभागृहात बायका किती होत्या? गावातील स्त्रिया पडद्यावर येत नाहीत, म्हणून नायिकेसाठी बाहेरून अभिनेत्री आणावी लागते, हे माहितीपटात दिसतेच. म्हणजे ज्या गावासाठी चित्रपट केला असे आपण म्हणतो, त्यातील निम्मे गाव ना पडद्यावर आहे, ना पडद्यासमोर. मी चित्रपट पाहताना हसले, पण सबंध वेळ आपण कोणाच्या तरी खासगी मैफलीत डोकावत आहोत असे वाटत राहिले.

खवचट_काका
मृण्मयीताई, आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरच्या एका गृहस्थांना १९१३ साली हीच अडचण आली होती. दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. तेव्हा नाशिक जिल्ह्याची ही परंपराच म्हणायची.

मृण्मयी_नाशिक
काका, परंपरा खरी आहे, पण त्या वेळी सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या चमूच्या जेवणापर्यंत सर्व सांभाळत होत्या, हेही त्याच परंपरेत येते. मालेगावच्या चित्रपटांमागे अशी कोणी असेल तर तिच्याविषयीचा माहितीपट मला पाहायला आवडेल. आणि १९१३ला जे चालले ते जवळजवळ शंभर वर्षांनीही चालावे, हे मला परंपरेपेक्षा थकबाकीसारखे वाटते.

विधिज्ञ_सोलापूर
एक मुद्दा मालकी हक्काचा. सुपरमॅन ही कोणाची तरी कायदेशीर मालमत्ता आहे, आणि तिकीट लावून चित्रपट दाखवायचा तर ‘आम्ही चाहते आहोत’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. विडंबन आणि अनुकरण यांत फरक असतो. मालेगावचा चित्रपट मला विडंबनाच्या बाजूला झुकलेला वाटतो, त्यामुळे त्याला चाहत्यांचा चित्रपट म्हणावे का, हाच आधी वादाचा विषय आहे. आपल्याकडे १९८७ साली पुनीत इस्सर यांना घेऊन जो हिंदी ‘सुपरमॅन’ निघाला, त्यात तर मूळ हॉलिवूडपटातील दृश्येच उचललेली होती. ते अनुकरणही नव्हे आणि विडंबनही नव्हे.

वाचनमात्र
विधिज्ञसाहेब, मालकीचा विषय निघालाच आहे तर त्याची सुरुवातही पाहावी. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण विज्ञानकथांचे वेडे चाहते होते. १९३३ साली त्यांनी स्वतःच चक्रमुद्रित केलेल्या हौशी नियतकालिकात ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा वापरले, आणि तेही एका टकल्या खलनायकासाठी. पुढे १९३८मध्ये ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आजचा सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्याचे हक्क प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरला गेले होते. म्हणजे हा नायक मुळातच चाहत्यांच्या घरगुती उद्योगातून जन्मलेला आहे. मालेगावात तो परत आला, एवढेच मी म्हणेन.

अडाणी_समीक्षक
१३० डॉलर! आता मात्र मालेगावचा खर्च जास्त वाटू लागला.

न्यूजर्सीकर_देशपांडे
@वाचनमात्र, सुंदर. विधिज्ञसाहेबांच्या शंकेवर मात्र माझे म्हणणे असे, की विडंबन करायलाही प्रेम लागते. ज्या गोष्टीचे आपल्याला काहीच वाटत नाही, तिचे सोंग माणूस वर्षभर आणत बसत नाही. सायकलीवर कॅमेरेवाला बसवून सरकते दृश्य घ्यायचे, बैलगाडीच्या जुवाचा उपयोग क्रेनसारखा करायचा, पाण्यात कॅमेरा पडला तर तो वाळवून पुन्हा उभे राहायचे, हे नुसत्या थट्टेसाठी कोणी करत नाही.

सुमेधा_व
आणि पाहा, आपण पुन्हा सायकल आणि बैलगाडीवर आलो. धागाकर्त्यांनी विचारले होते चित्रपटाविषयी. प्रत्येक जण माहितीपटाची आठवण सांगतो आहे.

न्यूजर्सीकर_देशपांडे
पकडला गेलो.

डॉ_अंबाजोगाई
मग चित्रपटातील आशयाविषयी लिहितो. मला यातील सर्वांत चांगली गोष्ट वाटली ती खलनायकाची निवड. त्याला जगावर राज्य करायचे नाही, अणुबॉम्ब नको. तो घाणीचा भोक्ता आहे, आणि त्याच्या साम्राज्याचे साधन म्हणजे तंबाखू. अमेरिकी लेखकांना आपल्या नायकाला दुबळे करण्यासाठी दुसऱ्या ग्रहावरचे हिरवे स्फटिक शोधावे लागले. येथे ती पुडी कोपऱ्यावरच्या टपरीला लटकलेली आहे. महानायकाच्या कथेत शत्रू हा त्या समाजाच्या भीतीचा आरसा असतो असे मानले, तर या चित्रपटाने आपला शत्रू फार अचूक ओळखला आहे.

मी दंतवैद्य आहे. महिन्याला दोन-तीन तरी तोंडे अशी येतात की ज्यांत दोन बोटेही शिरत नाहीत. पुडी खाऊन गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, आणि पुढचे काय ते रुग्णाला मी सांगण्याआधीच कळलेले असते. शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. २०१२च्या जून अखेरीस माहितीपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा तो हयात नव्हता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी महाराष्ट्रात गुटखाबंदीचा आदेश निघाला. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते आणि मी मनसोक्त हसलो. दुसऱ्यांदा ठाऊक होते. तो पडद्यावर तंबाखूविरुद्ध लढत होता आणि मी त्याच्या ओठांच्या हालचाली पाहत होतो, तोंड किती उघडते आहे ते. चित्रपट तोच होता. धागाकर्त्यांना याचे काय उत्तर द्यावे, मला खरोखर सांगता येत नाही.

हिरवा_पडदा
डॉक्टरसाहेब, हे वाचून मी पुडी सोडली असे लिहिले असते, पण खोटे कशाला लिहू. आज संध्याकाळची घेतलेली नाही, एवढे खरे आहे.

गिरणेचा_गोटा
शफीकविषयी लिहिल्याबद्दल आभार. त्याच्या अभिनयाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. तो विनोद करतो आहे असे त्याच्या चेहऱ्यावर एकदाही दिसत नाही. त्या अंगयष्टीला तो पोशाख घालून कोणीही डोळा मिचकावला असता. तो मिचकावत नाही. त्याला खरोखरच लोकांना वाचवायचे आहे. खानदेशी विनोदी चित्रफितींतला छोटू दादा आज कोट्यवधी लोक पाहतात, पण त्याची गंमत वेगळी, तिच्यात ‘बघा, मी कसा आहे’ हे असते. शफीकमध्ये ते नव्हते.

सुमेधा_व
हे पटले. ‘त्यांच्या मानाने’ न म्हणता म्हणते : तो चांगला अभिनय आहे.

पंचगंगाकाठ
सर्वांचे आभार. गिरणेचा_गोटा यांचे ‘एकट्याने पाहायचा चित्रपट नाही’ हे वाक्य मनात राहिले, म्हणून रविवारी वडिलांना सोबत घेऊन दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिला. वडील इचलकरंजीत सदतीस वर्षे मागावर होते. धोट्याच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेलेला आहे, म्हणून आवाज पूर्ण वाढवावा लागला आणि शेजारची दोन मुलेही येऊन बसली. माहितीपट त्यांनी कोणीच पाहिलेला नव्हता, आणि मीही आधी काही सांगितले नाही.

मुले उडण्याच्या पहिल्या दृश्याला हसली, तिसऱ्या वेळी त्यांनी हसणे सोडले आणि तो कोठे उतरणार यावर पैज लावली. गाण्यात मी भ्रमणध्वनीकडे हात नेला. (सुमेधाताई, गाण्याबद्दल मी आपल्याच बाजूचा आहे.) वडील एकदाही हसले नाहीत, तेव्हा त्यांना आवडला नसावा असे मी धरून चाललो.

संपल्यावर त्यांनी विचारले, “हा पोरगा मागावरचा आहे काय?” मी हो म्हणालो आणि कसे ओळखले ते विचारले. ते म्हणाले, “उभा राहतो बघ कसा. एका पायावर भार टाकून. बारा तास उभं राहायचं असलं की असंच राहावं लागतं.” मग थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले. “त्यांची सुट्टी शुक्रवारची ना? म्हणजे आठवड्यात एकच दिवस. वर्षभर तरी खपले असतील.” आणि मला उडण्याचे दृश्य पुन्हा लावायला सांगितले, कारण पाठीवरचा कपडा हलवणारा माणूस नेमका कोठे उभा असेल, ते त्यांना शोधायचे होते.